अकराशे चाळीस नंबरचं कार्ड

सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी शिक्केबाई तारखेच्या शिक्क्याचं रबरी चाक नखाने एक घर पुढे सरकवत होत्या. सोमवार होता. वाचनालय साडेनऊला उघडायचं. तोवर तारीख बदलायची, शाईच्या पॅडवर दोन थेंब टाकायचे, वर्तमानपत्रं लाकडी दांड्यांत अडकवायची आणि कॉम्प्युटर चालू करून त्याच्या मिनतवाऱ्या करायच्या. पहिल्या तीन कामांना मिळून सात मिनिटं पुरत. चौथ्याचा भरवसा नसे.

शिक्क्याची खरं तर आता गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी नवी संगणक प्रणाली आली, तेव्हा वरच्या कार्यालयाने पत्र पाठवून शिक्के बंद केले होते. बाईंनी ते पत्र फायलीला लावलं आणि शिक्के मारणं चालू ठेवलं. शेवटच्या पानावर तारीख उमटल्याखेरीज पुस्तक बाहेर गेलं, हे त्यांच्या मनाला पटायचंच नाही. नाव त्यावरूनच पडलेलं. खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथेच राहिलं.

तेविसाव्या वर्षी त्या पुस्तकांच्या पाठीवर नंबरांच्या चिठ्ठ्या डकवायला लागल्या. आता एकोणपन्नास. मधल्या काळात ग्रंथपाल निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही. शिपाई वारला, तीही नाही. तिघांचं काम एका टेबलावर आलं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूल नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांची धाकटी नणंद, अशा दोघी राहत.

प्रणालीची एकच अट होती: रिकामी जागा चालणार नाही. वाचनालयात लोकांसाठी चार कॉम्प्युटर होते, आणि त्यातल्या कुठल्याही एकावर बसणाऱ्याचा कार्ड नंबर टाकल्याशिवाय पडदा उघडत नसे. चौकट लाल व्हायची आणि लालच राहायची. आता गंमत अशी, की या चार कॉम्प्युटरांवर बसायला जे लोक येत, त्यांच्याकडेच नेमकं कार्ड नसायचं. कार्डाला पत्त्याचा पुरावा लागतो. भाड्याच्या खोलीत सहावा म्हणून राहणाऱ्याने तो आणायचा कुठून? घर सोडून बहिणीकडे आलेली बाई कुठला पत्ता सांगणार?

बाईंनी मदत केंद्राला फोन केला. चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एक मुलगा म्हणाला, "मॅडम, एकदा बंद करून चालू करा."

"केलं."

"मग ब्राउझर बदलून बघा."

"ब्राउझरचा काय संबंध? माणसाकडे कार्ड नाहीये."

"तक्रार नोंदवून घेतो, मॅडम."

सात तक्रारी नोंदवल्या. सातही तक्रारींपुढे तिसऱ्या दिवशी 'निवारण झाले' असं आलं. चौकट लाल ती लालच.

मग एका दुपारी पाच माणसं रांगेत उभी असताना बाईंनी हात टेकले आणि तोंडपाठ असलेला एकुलता एक नंबर टाकला. अकराशे चाळीस. चौकट हिरवी झाली. पडदा उघडला.

तो नंबर तारमास्तरांचा. तारमास्तर वय वर्षं चौऱ्याहत्तर, तार कार्यालयातून निवृत्त, रोजचे पहिले वाचक. साडेनऊला दार उघडलं की बाहेर तेच उभे. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ते वर्तमानपत्रातलं तंत्रज्ञानाचं पान आधी काढत आणि वाचनालयात मोठ्याने बोलू नये ही पाटी डोक्यावर असताना मोठ्याने वाचत.

"बाई, ऐका. आता फोन म्हणे तोंड बघून मालकाला ओळखतो. माझ्या घरात मला कोणी ओळखत नाही, यांचा फोन ओळखणार!"

"तुमच्या घरात तुम्ही एकटेच राहता."

"तेच म्हणतोय मी."

सरकार चौकाचौकात कॅमेरे लावणार अशी बातमी आली, त्या दिवशी त्यांनी अर्धा तास खर्ची घातला होता. "मीसुद्धा लोकांचं सगळं वाचलंय. कोण मेलं, कुणाला मुलगा झाला, कुणाची नोकरी गेली, घरच्यांच्या आधी मला कळायचं. पण मी माणूस, बाई. संध्याकाळी घरी जाईपर्यंत निम्मं विसरायचो. हे यंत्र विसरत नाही, आणि त्याला समजतही नाही. हे दोन्ही एकत्र फार वाईट."

"मग तुमचा नंबर घालते ते चालतं का तुम्हाला? बिनकार्डाची माणसं तुमच्या नावावर बसतात."

"घाला की. या वयात कुणाच्या तरी उपयोगी पडतोय."

दोघंही हसले होते. रोज बजावणाऱ्या माणसाच्याही ध्यानात आलं नाही की आपण कशाला हो म्हणतोय. नंबर यंत्राला नाही, बाईंना दिला, असंच त्यांच्या मनात असावं.

बाईंनी एक मात्र केलं. प्रणालीत खोटं जातंय, तर खरं कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून त्यांनी एक वही सुरू केली. तारीख, वेळ, कॉम्प्युटरचा क्रमांक, नाव. सव्वीस वर्षांची खोड. दीड वर्षात सहाशे अकरा ओळी झाल्या, माणसं शहाऐंशी.

त्या सोमवारी साडेनऊला बाईंनी दार उघडलं तेव्हा बाहेर कोणी नव्हतं. पावणेदहाला दोन माणसं आली. साधे कपडे, गळ्यात सुरक्षा विभागाची ओळखपत्रं, एकाच्या हातात कागदांचा गठ्ठा.

"अकराशे चाळीस. हा माणूस रोज येतो?"

"रोज येतात. आज आले नाहीत."

"आज आमच्याकडे होते सकाळी. काल संध्याकाळीही." त्याने गठ्ठा टेबलावर ठेवला. "मुलीकडे परदेशात जायचं म्हणून परवानगीचा अर्ज केला त्यांनी. नाव तपासलं तर हे निघालं."

तारमास्तरांची मुलगी परदेशात होती, आणि पुढच्या शुक्रवारी तिच्या पोटाचं मोठं ऑपरेशन होतं. तिच्याजवळ थांबायला दुसरं कोणी नव्हतं. हे बाईंना ठाऊक होतं. अर्ज त्यांनीच, दोन नंबरच्या कॉम्प्युटरवर, भरून दिला होता.

बाईंनी वरचा कागद उचलला. त्या नंबरावर कॉम्प्युटरवर काय काय शोधलं, त्याची यादी होती. गर्भपाताचे कायदे. संपाच्या बातम्या. सीमेपलीकडची नोकरी. घटस्फोटाचा अर्ज. कुठल्या रसायनाने गंज निघतो. परदेशातल्या वकिलांचे पत्ते. सगळं चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका माणसाच्या नावावर.

"अहो, हे बघा ना," त्या म्हणाल्या, "चौदा तारखेला सव्वाअकराला हे तीन कॉम्प्युटरांवर बसलेले दाखवताय. एक माणूस तीन ठिकाणी कसा बसेल?"

"बरोबर. म्हणजे ते माणसं आणून बसवत होते."

"कोणी आणून बसवत नव्हतं. मी नंबर घालत होते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "उद्या अकराला आमच्या कार्यालयात या. तिथे सांगा."

संध्याकाळी नणंद कामावरून आली. ती कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं करायची. तिथे दर टेबलावर एक कॅमेरा होता आणि मशीन थांबलं की भिंतीवर तिच्या नंबरपुढे सेकंद धावायला लागत.

"वहिनी, तुम्हाला आज कळलं, आम्हाला तीन वर्षं झाली," ती चप्पल काढता काढता म्हणाली. "माझ्याकडे रोज आठ तास बघतात. एवढं तर माझ्या नवऱ्याने लग्नात बघितलं नव्हतं, म्हणून तर सोडून आले."

"तुला मस्करी सुचतेय."

"मग काय करू, रडू? ते सेकंद पण मोजतील." तिने टेबलावरची वही उचलली, दोन पानं उलटली. "ही दाखवलीत की म्हातारा सुटला."

"हो."

"आणि ही शहाऐंशी?" ती थांबली. "यात ही कोण, मागच्या गल्लीतली शिलाईवाली? ती काय बघत होती?"

बाईंनी वही तिच्या हातातून काढून घेतली. "तू पण वाचायला लागलीस ना लगेच?"

नणंद ओशाळली. 

मंगळवारी अकराला बाई कार्यालयात गेल्या तेव्हा वही पर्समध्ये होती. द्यायची की नाही, ते ठरलेलं नव्हतं. खोलीत तारमास्तर आधीच बसलेले होते, दाढी दोन दिवसांची, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग पर्सकडे. वही त्यांना माहीत होती. तिच्यात लिहिताना त्यांनी बाईंना शंभरदा पाहिलं होतं, चिडवलंही होतं.

अधिकारी पस्तिशीचा असेल. आवाज चढवणारा नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं: लाल चौकट, मदत केंद्र, सात तक्रारी. मध्येच त्याच्या स्वतःच्या पडद्यावर गोल फिरायला लागलं आणि त्याने कीबोर्डवर तळहात आपटला.

"आमचंही असंच आहे हो," तो म्हणाला. "सकाळपासून तिसऱ्यांदा."

बाईंना जरा धीर आला. "म्हणजे तुम्हाला पटतंय."

"मला पटून काय? जुनी नोंद खोडता येत नाही. नवी जोडता येते. यांच्या नावावरचं उतरवायचं तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर चढवावं लागेल. कोण कोण बसलं होतं, सांगता येईल?"

बाईंचा हात पर्सच्या चापावर गेला. तारमास्तर पुढे वाकले.

"आधी तुमची नोंद करतो," अधिकारी म्हणाला. "मग एकेकाची करू." त्याने नाव टाकलं, पत्ता टाकला. "मुख्य व्यक्तीशी संबंध. इथे चार पर्याय येतात. नातेवाईक, शेजारी, साथीदार, इतर."

"मी वाचनालयातली कारकून आहे."

"तसा पर्याय नाही." त्याने 'इतर' निवडलं. चौकट लाल झाली. पुन्हा निवडलं. पुन्हा लाल. "हे 'इतर' कधीच घेत नाही. नातेवाईक नाही, शेजारी नाही..." त्याने 'साथीदार' दाबलं. चौकट हिरवी झाली आणि पान पुढे सरकलं. "राहू दे. खाली शेऱ्यात लिहितो मी."

"शेरा कोण वाचतं?"

अधिकारी शेरा टाइप करायला लागला.

ती हिरवी चौकट बाई ओळखत होत्या. पुढे सरकलं एकदाचं, हे हुश्श करणं त्या दीड वर्ष रोज करत आल्या होत्या, रांगेतल्या माणसाकडे पाहून, चांगल्या मनाने.

"आणि बाकीच्यांची नावं दिली, तर त्यांच्यापुढेही हेच येणार?"

"पर्याय तेच आहेत."

बाईंनी चापावरचा हात उचलून मांडीवर ठेवला. "माझ्याकडे नावं नाहीत. लक्षात कुठे राहतात इतकी माणसं."

 अधिकाऱ्याने तारमास्तरांना विचारलं, "तुम्हाला आठवतात?"

तारमास्तरांनी पर्सकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मी पेपर वाचत असतो."

परवानगीच्या अर्जापुढे 'प्रलंबित' आलं. किती दिवस, ते पडदा सांगत नव्हता. दोघांना पुढची सूचना येईपर्यंत रोज हजेरी लागली. बाईंच्या फोनवर बाहेर पडायच्या आतच वरच्या कार्यालयाचा निरोप आला: चौकशी संपेपर्यंत कामावर येऊ नये.

जिन्यात तारमास्तर थांबले.

"वही होती ना पर्समध्ये?"

"होती."

"मला वाटलं तुम्ही काढाल."

"तुम्हाला सांगता आलं असतं."

"तुम्ही नाही म्हणालात, त्यानंतर मी कसा बोलणार?" त्यांचा आवाज जिन्यात घुमला. "शुक्रवारी तिला आत नेतील तेव्हा बाहेर बाकावर कोणी नसेल, बाई. त्या शहाऐंशी जणांपैकी एकालाही हे कळायचं नाही."

"नाही कळणार."

"तुम्ही बरोबर केलंत असं मी म्हणणार नाही. माझ्याकडून ते ऐकायला थांबू नका."

ते कठड्याला धरून उतरले आणि बाईंसाठी न थांबता रस्ता ओलांडून गेले. कोपऱ्यावरच्या खांबावर कॅमेरा होता. एरवी त्याच्याखालून जाताना ते टोपी काढून त्याला नमस्कार करायचे. आज केला नाही.

घरी येऊन बाईंनी वहीचे टाके उसवले आणि पानं बादलीत भिजत घातली. शाई पक्की होती, चटकन सुटेना. नणंद कामावरून आल्यावर शेजारी बसली, बाह्या सरसावल्या आणि न वाचता पानं चोळायला लागली. लगदा व्हायला पाऊण तास लागला.

उद्या बुधवार. वाचनालय साडेनऊला उघडेल. किल्ली मुख्य शाखेतल्या कारकुनाने सही करून नेली आहे. सुरक्षा विभागाच्या कार्यालयात खिडकी क्रमांक तीनवर तारमास्तरांची हजेरी सव्वादहाला आणि बाईंची साडेदहाला आहे. ओळखपत्राची मूळ प्रत सोबत आणायची आहे.