आप्पांची राहिलेली ओळ

आप्पा गेल्याचं मला जयसिंगपूरच्या एसटी स्टँडावर कळलं. चित्रकलेच्या परीक्षेवर देखरेख करायला म्हणून तिकडं गेलो होतो. पोरांनी काढलेल्या वाकड्या सुरया आणि सुजलेले पेरू बघून डोकं उठलं होतं, आणि तेवढ्यात कोल्हापूरच्या गाडीतून आमच्या पेठेतला शिंपी उतरला. "मास्तर, तुमचं आप्पा सकाळी गेलं की वो," तो म्हणाला. "कुठले आप्पा?" मी विचारलं. दुसरे कुठले आप्पा माझ्या ओळखीत नव्हतेच, पण विचारलं खरं... गाडी मिळून कोल्हापूर गाठेपर्यंत माणसं पंचगंगेवरून अंघोळी करून परत आली होती. शेवटचं तोंड बघायचं राहून गेलं. त्याचा राग अजून उतरलेला नाही. कुणावरचा राग, ते मात्र मला सांगता येत नाही.

आप्पा संस्थानच्या दप्तरात मोडीचे कारकून होते. अठ्ठेचाळीस साली गांधीजींचा खून झाला आणि आमच्याच गावातल्या माणसांनी आमच्याच गावातल्या ब्राह्मणांची घरं पेटवली. त्या जळितात आप्पांचं घर गेलं. मी मराठ्याचा पोरगा. पण माझी आई तिरीमिरीत बाहेर पडली, आप्पा आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या अक्कांना, हाताला धरून घरी घेऊन आली आणि माडीवरची खोली त्यांना उघडून दिली. "वातावरण निवळंपतूर ऱ्हावा. आमच्या दारात कोण येतंय बघतो," असं तिनं सांगितलं. वातावरण निवळलं, आई गेली, संस्थानही विलीन झालं, पण आप्पा आणि अक्का माडीवरच राहिले. दुसरीकडं बिऱ्हाड करायची गोष्ट त्यांनी एकदोनदा काढली होती. मी भांडलो, तेव्हा थांबले.

घर जळाल्याबद्दल आप्पा कधी बोलले नाहीत. बोलायचे ते घरातल्या दप्तराबद्दल. त्यांच्या पाच-सहा पिढ्यांचे कागद लाल रुमालांत बांधून फडताळात ठेवलेले होते. सनदा, वाटणीपत्रं, एका पणज्यानं काशीहून पाठवलेलं खुशालीचं पत्र, असं काय काय. लहानपणी वडिलांनी अक्षर सुधारायला आप्पांना कित्ता म्हणून हेच कागद गिरवायला दिले होते. त्यामुळं कागद जळाले तरी मजकूर आप्पांच्या बोटांत शिल्लक होता. माडीवर आल्यावर महिन्या-दोन महिन्यांतच त्यांनी मला हातकागद कुठं मिळेल म्हणून विचारलं. मी चित्रकलेचा मास्तर, कागदवाले माझ्या ओळखीचे. कागद आणून दिला आणि वर शहाणपणाही शिकवला, की आप्पा, आता फाउंटन पेनचा जमाना आहे, कशाला ही उठाठेव? आप्पा हसले. "मास्तर, तुमच्या पेनातून अक्षर गळतं. बोरूनं ते काढावं लागतं."

मग सुरू झालं ते. अक्का कागदाला खळ लावायच्या, वाळवायच्या आणि गुळगुळीत दगडानं घोटायच्या. घोटण्याचा तो घसघस आवाज खाली माझ्या वर्गपाठाच्या वह्या तपासताना कानावर यायचा आणि मी वैतागायचो. आता तो नाही तर वह्या हातात धरवत नाहीत. आप्पा दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक खलून शाई करायचे, बोरूचं टोक तिरकं तासायचे आणि एकदा बसले की दुपारच्या चहालाही ओ द्यायचे नाहीत. नक्कल म्हणजे नक्कल. मूळ कागदात जिथं ओळ मोडली होती तिथंच यांची ओळ मोडणार. जिथं कसर लागून अक्षरं गेली होती, तिथं ते तेवढी जागा कोरी सोडायचे. मी म्हणालो, "आप्पा, तिथं काय असणार ते तर तुम्ही अंदाजानं सांगता. मग लिहून टाका की." ते चक्क रागावले. "वडिलांनी मला कागद दिला तेव्हा तिथं भोक होतं. मी कोण बुजवणार?" आणि शिक्क्याची जागाही ते रिकामी ठेवायचे. शिक्का अस्सल कागदाला, आपली तर नक्कल, असं त्यांचं म्हणणं. कागद जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यात बुडवायची युक्ती मी सुचवली होती, तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

ही कीर्ती सिनेमावाल्यांपर्यंत गेली. गावात ऐतिहासिक चित्रपट निघत होताच. तिथला एक माणूस येऊन खलिता लिहून द्या म्हणाला. "काय बी खरडा वो, पावणं. पडद्यावर कोण वाचतंय?" आप्पांनी काय बी खरडलं नाही. मायन्यापासून शेवटापर्यंत शास्त्रशुद्ध खलिता लिहिला, रेशमी थैलीत घातला आणि सिनेमा लागला तेव्हा अक्कांना आणि मला घेऊन बघायला गेले. पडद्यावर सरदारानं थैली सोडली, भुवया चढवल्या आणि खलिता वाचायला घेतला... तो उलटा! आप्पा खुर्चीतून उठले आणि "अहो उलटा धरलाय, उलटा!" असं ओरडले. मागचं पब्लिक "बसा की खाली" म्हणून कावलं. अक्का पदर तोंडात धरून इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. अक्कांना मी तेवढं एकदाच हसताना पाहिलं.

कारण अक्कांच्या मनात दुसरंच होतं. त्यांना एक मुलगी झाली होती, कुसुम. सहा वर्षांची होऊन विषमज्वरानं गेली. जळिताच्या कितीतरी आधीची गोष्ट. फोटो काढायचा राहून गेला होता. फ्रॉक, खेळणी कुणाकुणाला देऊन टाकलेली. तिची म्हणून एकच वस्तू घरात उरली होती, ती म्हणजे तिची जन्मपत्रिका. वरती रंगीत गणपती, कडेला तांबडी वेल आणि खाली लांबच लांब गुंडाळी. दसऱ्याला कागद उन्हाला काढायचे तेव्हा अक्का ती उलगडून नाव वाचायच्या आणि परत ठेवायच्या. रुमालांबरोबर तीही जळाली. आप्पांनी बोरू हातात धरल्यापासून अक्का वाट बघत होत्या. एक सनद झाली, वाटणीपत्र झालं, काशीचं पत्र झालं. "तिचं कधी?" असं त्या विचारायच्या आणि आप्पा दरवेळी म्हणायचे, "ती पत्रिका नीट आठवत नाही गं."

गेल्या वर्षी आप्पांचा हात कापायला लागला. आधी थोडा, मग पेला धरवेना इतका. एका दुपारी मी माडीवर बसलो होतो. अक्का कागद घोटता घोटता थांबल्या. "सगळे पणजोबा लिहून झाले," त्या म्हणाल्या. "माझी पोरगी तेवढी राहिली. त्या काशीच्या पत्रातलं हवापाणी आठवतंय तुम्हाला, आणि तिची पत्रिका आठवत नाही?" आवाज चढला नव्हता. दगड खाली ठेवून त्या जिना उतरून गेल्या. आप्पांनी बोरू पुसून खाली ठेवला. मग मला म्हणाले, "मास्तर, सगळी आठवते. घडी न् पळ आठवतं. पण गणपतीच्या खाली पहिलीच ओळ आहे, कन्या कुसुम दीर्घायुषी होवो. ती मी कशी लिहू?"

मी बोलून गेलो, की मग तेवढी ओळ गाळा. जगात दुसऱ्या कुणाला कळणार आहे? "गाळली तर ती कुसुमची पत्रिका नव्हे," आप्पा म्हणाले. "आणि लिहिली तर या हातानं लिहायची... याच हातानं तिला मूठमाती दिली, मास्तर." त्यांना रडू आवरेना. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसलो. एवढ्या वर्षांत प्रथमच. मी उठताना त्यांनी मला बजावलं, की हे तिला सांगू नका. विसरलो म्हणून ती रागावेल तर रागावू दे.

पण त्या दुपारनंतर त्यांनी पत्रिका लिहायला घेतली. डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरायचे आणि दिवसाकाठी जेमतेम एखादी ओळ काढायचे. ज्यांच्या अक्षराला दप्तरात लोक छापील म्हणायचे, त्यांची बाळबोध अक्षरंही आता वेडीवाकडी पडायची. अक्का शेजारी बसून शाई पुढं सरकवायच्या. गणपती मला काढायला लावला. आयुष्यात इतक्या जपून मी एकही चित्र काढलेलं नाही. कुंडली झाली, नक्षत्र झालं, आईबापाची नावं झाली. आणि आप्पा गेले.

दिवसकार्य झाल्यावर अक्कांनी मला वर बोलावलं. पत्रिका जमिनीवर उलगडलेली होती. गणपतीच्या खाली एका ओळीची जागा कोरी होती. "एवढी एकच ओळ कशी विसरले हो?" अक्कांनी विचारलं. आप्पांना शब्द दिला होता, पण हे विसरणं त्यांच्या नावावर राहू देणं मला जमेना. सांगितलं सगळं. अक्का ऐकत होत्या. त्या कोऱ्या जागेवरून त्यांनी बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "वेडे होते की काय हो... ज्या दिवशी ती ओळ लिहिली, त्या दिवशी ती खोटी नव्हती की. बारशाच्या दुसऱ्या दिवशी लिहिली. मांडीवर होती माझ्या ती."

त्यांनी दौतीत पाणी घालून सुकलेली शाई ढवळली. मी म्हटलं, "अक्का, मी लिहू का?" त्यांनी नको म्हणून मान हलवली. पोथी वाचण्यापुरतं अक्षर त्यांना येत होतं. बोरू आयुष्यात धरला नव्हता. पहिल्याच अक्षरावर शाईचा थेंब पडला, तो त्यांनी पुसला नाही. एकेक अक्षर सुटं, मोठं, पाटीवरच्यासारखं काढत त्या शेवटापर्यंत गेल्या. कन्या कुसुम दीर्घायुषी होवो. मग बोरू धुऊन ठेवला.

याला आता काही आठवडे झाले. रोज दुपारी अक्का पत्रिका जमिनीवर पसरतात आणि हातपंख्यानं त्या ओळीवर वारा घालत बसतात. शाई त्याच दिवशी वाळली आहे. काल मी न राहवून म्हणालो, "अक्का, आता गुंडाळून ठेवूया का?"

"ओली आहे की अजून, मास्तर," त्या म्हणाल्या.

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो. पंखा हलत होता.