डुगडुगणारं टेबल

तीस वर्षं रंधा मारून काकूंचे तळवे लाकडासारखेच कडक झाले होते. गवंडीकाम करणाऱ्या धाकट्या दिराला त्यांनी जेवणाचं टेबल करून दिलं, तर दुसऱ्याच दिवशी त्याने तक्रार करून त्यांना करवतीसह घरी बोलावलं.

"वहिनी, डुगडुगतंय. एक पाय जरा कापा की!"

"करवत सगळ्यात शेवटी. आधी जमीन बघायची."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" दीर खदखदून हसला.

काकूंनी तांब्याभर पाणी फरशीवर ओतलं. पाणी पळत गेलं आणि टेबलाच्या एकाच पायाशी त्याचं तळं झालं.

"ही फरशी कुणी बसवली, भाऊजी?"

फरशी दिरानेच बसवली होती.

काकूंनी करवत पिशवीत टाकली. "कापलेला पाय परत वाढत नाही. थापी आणा. टेबल मी उचलून धरते."