मामांचा कुलूपवाला

गुन्हेगारीशी इतका कमी संबंध असलेला माणूस अख्ख्या ठाण्यात दुसरा सापडला नसता. आमच्या हिचे मामा रस्त्यात मांजर आडवं बसलं, तरी "जरा सरकतेस का, बाई?" असं विचारत. मास्तरकीतून निवृत्त होऊन ते नौपाड्यात राहत. अशा माणसाने एका रहस्यकथा मासिकातल्या कुलूपवाल्याचं वकीलपत्र घ्यावं, याचं आम्हाला नवल वाटे. पहिल्या अंकात त्या कुलूपवाल्याने आजारी मुलीसाठी डॉक्टरचं औषधाचं कपाट उघडलं. "बाप आहे हो," मामा डोळे पुसत म्हणाले. मुलगी बरी झाली, तरी तो लोकांची कपाटं उघडतच राहिला. "कारागिराचे हात शिवशिवतात," मामा म्हणाले. मग त्याच्या धक्क्याने एक रखवालदार जिन्यावरून पडून मेला. मामा त्या दिवशी जेवले नाहीत, पण संध्याकाळी मामींना बजावलं, "जिना निसरडा होता. तसं छापलंय." तसं काही छापलेलं नव्हतं, मी अंक पाहिला होता.

पुढच्या अंकात त्या खुनासाठी कुलूपवाल्याचा मित्र पकडला गेला. कुलूपवाल्याने कोर्टात त्याच्याविरुद्ध खोटी साक्ष दिली आणि घरी येऊन आडवा झाला. मामांनी अंक मिटला. "काय झालं?" मामींनी विचारलं.

"त्याला झोप लागली गं."

रविवारी मला बरोबर घेऊन ते कल्याणला लेखकाच्या घरी गेले. लेखक म्हणजे मफलर गुंडाळलेले, सर्दीने बेजार गृहस्थ. "त्याला कबुली देऊ द्या," मामांनी विनवलं. लेखक नाक पुसत म्हणाले, "दर अंकात संधी देतो, मास्तर. आता त्यालाच ते सोयीचं वाटत नाही."

परतताना फलाटावरच्या बाकावर मामा एकाएकी म्हणाले, "जावईबापू, शाळेतलं सूक्ष्मदर्शक यंत्र माझ्या हातून फुटलं होतं. नोकरी शिपायाची गेली. मी बोललो नाही."

मी विचारलं, "तुम्हाला झोप लागायची?"

"सुरुवातीला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच कोलशेतला गेले. तो शिपाई आता तिथल्या मिठागरावर राबत होता. मामांनी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मना ठाव व्हतं, मास्तर."

मामांनी मासिक बंद केलं, पण कोलशेतला मात्र ते शेवटपर्यंत अधूनमधून जात राहिले. एकदा मी विचारलं, त्याने माफ केलं का?

"ते विचारायचं धाडस झालं नाही," मामा म्हणाले. "चहा देतो तो."