कुशाबाने दाखवलेली गंगा

लालबागच्या चाळीत कुशाबा बोलायला बसला की माणसं कामं विसरून ऐकत. राजापूरकडचा माणूस, मिलच्या कार्डिंग खात्यात वीस वर्षं कापसाची धूळ गिळत होता, पण मिलबद्दल कधी चकार शब्द नाही. बोलायचा तो गावाकडचं. जैतापूरची खाडी, खाडीच्या तोंडावरचा यशवंतगड, राजापुरातली इंग्रजांची जुनी वखार, उन्हाळे गावचा कढत पाण्याचा झरा. आणि सगळ्यांत जास्त गंगेबद्दल. टेकडीवर चौदा दगडी कुंडं. दोन-तीन वर्षं कोरडी ठाक. मग एके दिवशी अचानक पाणी वर येतं, गोमुखातून धो धो पडायला लागतं, महिना-दोन महिने राहतं आणि जसं आलं तसं निघून जातं.

त्याची बायको शेवंती परळात जन्मली, परळातच वाढली. कोकण तिने ऐकलं ते नवऱ्याच्या तोंडून. लग्नाच्या वर्षीच तो म्हणाला होता, "गंगा आली की तुला नेतो."

गंगा आली तेव्हा शेवंतीला सातवा महिना होता. ते मूल काही जगलं नाही. पुढे छप्पन सालच्या जानेवारीत गावाहून चुलतभावाचं, धोंडूचं पत्र आलं, गंगा आली म्हणून. रजा मिळाली, वळकटी बांधली, आणि त्याच आठवड्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव रस्त्यावर उतरलं. गोळीबार झाला, कर्फ्यू लागला. वळकटीला टेकून दोघं दार लावून बसली. रस्ते मोकळे झाले तेव्हा रजा संपली होती.

त्याच वर्षी शेवंतीला दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली. तांदूळ निवडताना खडे राहायला लागले. इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही. दीड वर्षात तिचे दोन्ही डोळे गेले.

तेव्हापासून कुशाबा तिचे डोळे झाला. कामावरून आला की दिवसभरात पाहिलेलं सगळं सांगायचा. कुणाच्या खिडकीत कुठला झेंडा लागला, शेजारच्या मीराबाईने कसलं लुगडं घेतलं. ती ऐकून घ्यायची, मग म्हणायची, "आता दिसलं."

अठ्ठावन्नच्या चैत्रात धोंडूचं पुन्हा पत्र आलं. गंगा आली होती, आणि त्या पाण्याने एका म्हातारीचे डोळे निवळले म्हणे. कुशाबाने त्याच दिवशी रजेचा अर्ज दिला. खात्यात माणूस कमी होता; रजा हातात पडायला मे महिना उजाडला.

"डोळ्यांसाठी नको हो," शेवंती म्हणाली. "तुमी एवढं सांगितलंय, तिथं एकदा बसायचं, इतकंच."

भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जैतापूर गाठलं, तिथून भरतीच्या पाण्यावर होडीने राजापूर. वाटभर कुशाबा सांगत होता. हा यशवंतगड, तटावर झाडं उगवलीत. हे कांदळवन, मुळं चिखलातून वर आलीत. ती बघ घार, मासा घेऊन चालली. शेवंती तोंड वर करून ऐकत होती, मधेच हसत होती.

टेकडी चढताना त्याला धाप लागली. तिला झाडाखाली बसवून तो पुढे गेला. कुंडांपाशी एक पुजारी झाडत होता.

"उशीर केलात," पुजारी म्हणाला. "गंगा गेली. आज चौथा दिवस."

कुशाबा कुंडाच्या काठावर बसला. तळाशी शेवाळ वाळत होतं. मग तो उठला, खालच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं, आणि शेवंतीला हाताला धरून वर आणलं.

"ही गंगा," तो म्हणाला. तांब्या तिच्या ओंजळीत ओतला. "डोळ्यांना लाव."

तिने लावलं. मग कान देऊन म्हणाली, "गोमुखाचा आवाज नाय येत."

"आज धार बारीक हाय."

ती काठ चाचपत खाली वाकली. हात कुंडात घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. हाताला तापलेला दगड लागला. हात तसाच ठेवून ती थांबली.

"गेली होती, तर गेली म्हणायचं होतं," ती म्हणाली. "मी काय रडणार होते?"

कुशाबाने रिकामा तांब्या खाली ठेवला.

"खाडीवर किल्ला होता म्हणालात. तो तरी होता का?"

"होता."

"आणि घार?"

"होती गो. शपथ घेतो."

तिने हात कुंडातून बाहेर काढला. पदराने तोंड पुसलं आणि हात पुढे केला. दोघं खाली उतरली. परतीच्या बोटीवर त्याने एकदा सुरुवात केली, "तो बघ दीपस्तंभ..." शेवंतीने मान फिरवली नाही.

लालबागला आल्यावर भांडण झालं नाही. ती त्याला जेवायला वाढी, त्याच्या खोकल्यासाठी काढा करी. पण बाहेर काय चाललंय ते विचारायला मीराबाईला हाक मारी. कुशाबाने दोन-तीनदा आपण होऊन सांगून पाहिलं. "हं," एवढंच ती म्हणे. हळूहळू त्याचं चाळीतलं बोलणंही आटलं.

साठ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला. रस्त्याला रोषणाई, शिवाजी पार्ककडे माणसांची रीघ. सारी चाळ गॅलरीत उभी होती. मीराबाई शेवंतीचा हात धरून दिवे सांगत होती, हिरवे कुठे, पिवळे कुठे. कुशाबा दोन हातांवर कठड्याला टेकून उभा होता. खोकल्याची उबळ आली, तसा तो आत जाऊन निजला.

पुढच्या दिवाळीआधी मिलच्या डॉक्टरने त्याला कामातून काढलं. छातीत काही उरलं नव्हतं. तो गेला तेव्हा शेवंती उशाशीच होती. त्याचे डोळे मिटलेत का, हे तिने हात लावून पाहिलं नाही. मीराबाईला विचारलं.