झाकलेला चहा

विमानतळाच्या भिंतीबाहेरच्या टपरीवर ते गृहस्थ मला बऱ्याचदा सकाळी दिसायचे. भिवापुरी मिरचीचे व्यापारी. शेजारी बसलं की आपल्याला शिंक यायचीच. भिंतीपलीकडून एक छोटं विमान उडालं की ते चहा सांगायचे, ग्लासावर बशी झाकायचे आणि मान वर करून बसायचे. विमान उतरलं की तोच गार चहा मिटक्या मारत प्यायचे.

एकदा मी विचारलंच. म्हणाले, "आमचंच आहे ते. चार पार्टनर आहोत. माझा वार मंगळवार."

"आज तर शुक्रवार. मग काहून आले, भाऊ?"

"आज वकीलसाहेब उडवून राहिले." त्यांनी आभाळातला ठिपका दाखवला. "एक जण वर असला की एकानं खाली थांबायचं, असं ठरलं आहे आमचं. बाकीच्यांले फुरसत नसते. मले असते."

"म्हणून दुसऱ्यांच्या वारीही?"

"विमानात माझा चौथा हिस्सा आहे गा," ते हसले. "पण वर गेलेला दोस्त पुरा माझा आहे."

विमान टेकलं. त्यांनी बशी काढली. मीही माझा ग्लास उचलला, तर माझाही चहा गार झाला होता.