न उघडणारी मूठ

चिकलठाण्याच्या एका कंपनीत रबराच्या मशीनवर माझ्या नवऱ्याचा उजवा तळहात भाजला. जखम भरत आली तशी बोटं आत वळायला लागली. साहेबानं सांगून ठेवलं होतं, मूठ नीट उघडली तर कामावर घेऊ. नाही उघडली तर गावी करमाडला परत जायचं. मेंढरं तर आम्ही कधीच विकली होती.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं. जखम झाली की शरीर तिथं वाढीचा निरोप धाडतं, त्यानं नवं मांस, नवं कातडं येतं. पण ‘आता बास’ हा निरोप उशिरा पोचतो. मग वण जाड होतो, आखडतो, बोटं ओढून घेतो. म्हणून रोज तेल लावून चोळायचं, बोटं ताणायची, झोपताना हात लाकडी पट्टीवर सरळ बांधायचा.

सासूला हे पटेना. मेंढीच्या घावात राख भरायची आणि खपली धरली की हात लावायचा नाही, ही तिची रीत.

“भरलेला घाव कोण उकरतं? कसाई हायेस का गं?”

नवरा शिव्या द्यायचा. मी ताणायचेच.

तेवढ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर पेटलं. संचारबंदी लागली, दवाखान्याचा रस्ता बंद. मी दारापर्यंत जायचे, पोलीस बघून माघारी यायचे, परत त्याची बोटं बघायचे. बसवत नव्हतं. एका सकाळी बघते तर पट्टी कोपऱ्यात पडलेली आणि हात मूठ मिटून लोकरीच्या फडक्यात गुंडाळलेला.

“आत्या, हे काय केलं?”

“लई कण्हत व्हतं लेकरू. पट्टी सोडली तवा झोपलं.”

“मग आता जन्मभर तुम्हीच भरवा त्याला.”

पट्टी मोडली होती. मूठ उघडेना. तेल कोमट करून मी चोळायला लागले तसा तो ओरडला.

“आत्या, खांदा धरा.”

तिनं तोंड फिरवून धरला. वण तडकला, रक्त आलं, बोटं सुटली. मग ती उठली, कोंबड्यांचं डालं मोडलं, मेंढीच्या मोडक्या पायाला बांधतात तशा त्याच्या बांबूच्या कामट्या लावून हात सरळ आवळला. तिची गाठ सैल होत नसे.

संचारबंदी उठली. गेटवर साहेबानं हात उघडायला लावला. करंगळी वाकडीच होती.

“मशीनला करंगळी लागती व्हय?” मी विचारलं.

“तू गप,” नवरा म्हणाला.

साहेबानं घेतलं. मशीनवर नाही, माल भरायला.