गाठ नव्हतीच

सोनोग्राफीच्या टेबलावर आडवं पडल्या पडल्या वर्षाराणीनं नेहमीचं वाक्य टाकलं, "लग्नाआधी डावीकडची गाठ काढलीया."

हे वाक्य तिच्या तोंडात असं बसलेलं की झोपेतनं उठवून विचारलं तरी तेच बाहेर पडंल. नवऱ्याला, म्हणजे जोतीरामला, हेच सांगितलेलं, सासूला हेच, बाळंतपणातल्या नर्सबाईला हेच. फॅमिली डॉक्टरला तर गेल्या दोन महिन्यांत तीनदा हेच.

डॉक्टर आदिती मॅडम पडद्याकडं बघत राहिल्या. हातातलं यंत्र जरा दाबून फिरवलं. परत फिरवलं.

"काढलीय म्हणताय," त्या म्हणाल्या, "मग हे आत घातलंय ते काय आहे?"

झालं! अकरा वर्षं जपलेली थाप एका सेकंदात उघडी पडली.

आता वर्षाराणी म्हणजे काय गरीब गाय नव्हे. कसबा बावड्यात एका दूध संस्थेत ती फॅट काढायला बसते. सकाळी सहाला कॅन यायला लागतात. नमुना घ्यायचा, मशिनला लावायचा, आकडा मोठ्यानं सांगायचा. कुणी पाणी घालून आणलं तर ही सगळ्यांच्या देखत विचारणार, "पावणं, म्हस नळाखाली बांधलीया काय?" संस्थेचे सचिव आकारामअण्णासुद्धा तिच्या तोंडाला लागत नाहीत. आणि असली ही बाई स्वतःच्या अंगाबद्दल मात्र अकरा वर्षं खोटं बोलत आली. तेही स्वतः रचलेलं नाही, आईनं शिकवलेलं!

दोन महिन्यांपूर्वी डावी बाजू फुगायला लागली. ब्लाऊजचे हुक लागंनात. दुखत फार नव्हतं, पण जड, ताणल्यासारखं. फॅमिली डॉक्टरनं विचारलं, तिनं गाठ सांगितली. त्यानं जुन्या जागेत पू झाला असंल म्हणून गोळ्या दिल्या. पाच दिवस. मग सात दिवस. मग अजून भारीतल्या. फुगणं काही थांबेना. शेवटी तोच म्हणाला, सोनोग्राफी करून या.

"सिलिकॉनचं इम्प्लांट आहे," मॅडम म्हणाल्या, "आणि त्याच्या भोवती पाणी साठलंय. बसवून किती वर्षं झाली?"

"बारा."

"कुठल्या कंपनीचं? वरून गुळगुळीत की खरबरीत?"

"मला काय म्हाईत मॅडम? मी काय हातात घेऊन बघितलंय व्हय?"

"कार्ड देतात हो ऑपरेशननंतर. कंपनी, प्रकार, नंबर, सगळं त्यावर असतं. ते घेऊन या."

मग मॅडमनी तिला बसवून नीट सांगितलं. ही वस्तू जन्मभर टिकायची हमी नसते. बऱ्याच जणींना पुढं कधीतरी परत ऑपरेशन लागतं. कधी शरीरानं भोवती तयार केलेलं आवरण आवळतं आणि छाती दगडासारखी होते. कधी इम्प्लांटचंच कवच फाटतं आणि बाईला पत्ताच लागत नाही, म्हणून काही त्रास नसला तरी ठरावीक वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करून बघायची असते. आणि एवढ्या वर्षांनी असं पाणी साठलं तर ते सुईनं काढून तपासायचंच. कारण क्वचित, अगदी क्वचित, त्या आवरणात एक वेगळाच कॅन्सर होतो. खरबरीत प्रकारात तो जास्त सापडलाय. लवकर कळला तर बहुतेक वेळा सगळं काढून बरा होतो.

"बहुतेक जणींच्या पाण्यात काही निघत नाही," मॅडम म्हणाल्या, "पण तपासल्याशिवाय मी तुम्हाला कॅन्सर नाही असं सांगणार नाही."

वर्षाराणीच्या डोळ्यांसमोर तिची आठ वर्षांची मोना उभी राहिली. पोरीला उजवीकडनंच पाजलं होतं, तेव्हाही नर्सबाईला गाठच सांगितली होती.

"बारा वर्षांत हे मला एकानंबी सांगितलं न्हाय," ती फणकारली.

"तुम्ही कुणाला सांगितलं होतं, की हे आत आहे म्हणून?"

ती पदर गुंडाळून बाहेर आली आणि जिन्यातच आईला फोन लावला.

आई म्हणजे बयाबाई, गारगोटीला असते. वर्षाराणी वयात आली तेव्हा उजवी बाजू भरली, डावी भरलीच नाही. होतं असं काही पोरींचं, त्यात कुणाचं पाप नाही. पण बयाबाईनं ते जिवाला लावून घेतलं. लेक एकवीस वर्षांची झाली, स्थळं यायला लागली, तशी तिला पुण्याला घेऊन गेली. 'डाक्टरला दावायचं हाय' एवढंच सांगून. तिथं सही कर म्हटलं, वर्षाराणीनं केली. आत काय बसवलंय ते तिला शुद्धीवर आल्यावर कळलं, आणि गावात आल्यावर बयाबाईनं सांगून टाकलं, चरबीची गाठ होती, काढली.

"आई, पुण्याचं कागद कुठं हाईत?"

"कसलं कागद?"

"येड्याचं सोंग घिऊ नगो. ऑपरेशनचं. त्यात एक कार्ड हुतं."

फोनवर नुसता मिक्सरचा आवाज. मग तोही बंद झाला.

"जाळलं की ते."

"काय?"

"जोतीरामच्या घरचं पावणं तुला बघाय येणार हुतं न्हवं? त्यांच्या बायका घरभर फिरणार, कपाटं उघडून बघणार. कुणाच्या हाताला लागलं असतं म्हंजे? सकाळी बंब पेटवलेला, त्यात घातलं सगळं. त्याच पाण्यानं न्हालीस तू त्या दिवशी."

वर्षाराणीला हसावं का भिंतीवर डोकं आपटावं कळेना. कंपनी, प्रकार, नंबर, सगळं जळून आंघोळीचं पाणी तापलं, आणि ते तिच्याच अंगावर ओतलं गेलं!

"तुझ्या भल्यासाठीच की गं," बयाबाई रडवेली झाली.

"कसलं भलं? दुसऱ्याच्या म्हशीच्या दुधात काय हाय ते मी आकड्यासकट सांगतो, आणि माझ्या अंगात काय हाय ते मलाच म्हाईत न्हाय!"

पुण्याला फोन लावला. पहिले दोन दिवस कुणी उचललाच नाही. तिसऱ्या दिवशी एक पोरगी बोलली. इतकं जुनं रेकॉर्ड ठेवत नाही मॅडम. ते डॉक्टर आता इथं नसतात मॅडम, दुबईला असतात. त्यांचा नंबर देता येणार नाही मॅडम, ईमेल करा. वर्षाराणीनं भाच्याकडनं ईमेल करून घेतला. आपला निरोप मिळाला, धन्यवाद, असं इंग्रजीत आलं. नंतर काहीच नाही. बाईच्या अंगात वस्तू घालून ठेवायची, आणि ती कुठली म्हणून विचारलं की धन्यवाद!

आता जोतीरामला सांगणं भाग होतं. तो कारखान्यात बॉयलरवर असतो. पहिली पाळी करून आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. सासू शेजारी हळदीकुंकवाला गेलेली. वर्षाराणीनं ताटात भाकरी टाकली आणि एका दमात म्हणाली, "गाठ नव्हती."

"कसली गाठ?"

"डावीकडची. काढलं काय न्हाय, उलट घातलंय. सिलिकॉन. आता त्याच्या भोवतीनं पाणी झालंय. कॅन्सर हाय का बघायला सुई घालणार हाईत."

घास त्याच्या हातातच राहिला. त्यानं सगळं विचारून घेतलं.

"अकरा वर्षं," तो म्हणाला. "मी काय तुला हाकलून दिली असती व्हय?"

"तवा मला काय म्हाईत, तू कसा हाईस ते?"

"आणि नंतर?"

तिनं भाकरीची टोपली पुढं सरकवली. त्यानं ताट बाजूला सारलं. मग आपणच परत ओढलं. जरा वेळानं हळूच म्हणाला, "हे बघ, आईला एवढ्यात सांगाय नगो. गाठ परत आली म्हणू या."

वर्षाराणीच्या अंगाची नुसती लाही झाली. "परत गाठ? त्या गाठीपायी दोन महिनं चुकीच्या गोळ्या गिळल्या मी!"

"अगं, मी आईपुरतं म्हणालोय."

"माझ्या आईनंबी पावण्यांपुरतंच म्हटलं हुतं!"

संध्याकाळी सासू आली तेव्हा हिनंच सगळं सांगून टाकलं. सासू 'अगं बाई' म्हणाली आणि दोन दिवस बोललीच नाही. बरं झालं, वर्षाराणीला वाटलं, तेवढीच शांतता. मग फॅमिली डॉक्टरकडं गेली. त्यानं चष्मा काढून कपाळाला हात लावला. "अहो वर्षाताई, आधी सांगायचं की!" तो बरोबर बोलला, म्हणून तर तिला जास्तच राग आला.

सुईनं पाणी काढलं. नळीवरचं लेबल तिनं मागून घेऊन वाचलं. नाव, तारीख, डावी बाजू. मगच सोडलं. एमआरआय पण केला. रिपोर्टला दहा दिवस. त्या दहा दिवसांत संस्थेत कुणी सरळ बोललं तरी ही उसळायची. आकारामअण्णांनी एकदा भीतभीत विचारलं, "बरं हाय न्हवं?" तर म्हणाली, "म्हाईत न्हाय! म्हाईत असतं तर सांगितलं नसतं व्हय?"

रिपोर्टच्या दिवशी बयाबाई सकाळच्या एसटीनं आली. मॅडमच्या केबिनमधे तिघं बसली, आई, जावई आणि मधे वर्षाराणी.

"कॅन्सर नाही," मॅडम म्हणाल्या. जोतीरामनं एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. "पण एमआरआयमध्ये कवच फाटलेलं दिसतंय. ते आता काढायलाच पाहिजे. भोवतीचं आवरणही काढून परत तपासायला पाठवू. प्रश्न एवढाच, की त्या जागी नवीन बसवायचं का?"

"बसवा की मॅडम," बयाबाई लगेच. "चांगल्यातलं बसवा."

"कशाला?" जोतीराम म्हणाला. "परत डोक्याला ताप? काढून टाका म्हणतो मी."

"तुमचं काय जातंय जावयबापू? उद्या चार बायका हिच्याकडं बघतील."

"बघू द्या की. मला चालतंय!"

"तुम्हास्नी चालून काय करायचंय?"

दोघांची अशी जुंपली की बाहेरच्या बाकावरचे लोक आत वाकून बघायला लागले. वर्षाराणी एकदा डावीकडं बघायची, एकदा उजवीकडं.

मॅडमनी पेन टेबलावर आपटलं. "मी पेशंटला विचारलंय."

सगळे वर्षाराणीकडं बघायला लागले. आजवर हा प्रश्न तिला कुणी घातलाच नव्हता, ना पुण्यात, ना घरात. आणि ह्या दोघांसमोर त्याचं उत्तर सापडणारही नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली, "नवीन घातलं तर पुढं काय काय हुतंय, न्हाय घातलं तर काय हुतंय, दोन्ही मला पयल्यापास्नं सांगा. मग ठरवतो मी. आणि ही दोघं भायेर बसतील."

"अगं, मी आई हाय तुझी!"

"म्हाईत हाय. भायेर."

जोतीराम काहीतरी बोलणार होता. बायकोचं तोंड बघून त्यानं सासूची पिशवी उचलली आणि दार उघडून धरलं. बयाबाई पुटपुटत गेली. दार लागलं तशी वर्षाराणीनं खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"हां मॅडम, बोला."